मोठी लेन्स आणि अपरिग्रह

६०० मिलिमीटर एफ/४ ही टेलिफोटो लेन्स वन्यजीवांची छायाचित्रे काढणाऱ्याच्या सामानातली सगळ्यांत जड आणि सगळ्यांत महाग वस्तू असते. कॅननची १९९९ सालची लेन्स ५.३६ किलोची होती. २०१८ मध्ये आलेली तिची नवी आवृत्ती ३.०५ किलोची आहे. निकॉनची २०१५ ची लेन्स ३.८१ किलो भरते. नवी घ्यायची तर दहा लाख रुपयांच्या पुढे जावे लागते. वजन आणि किंमत यांचे मूळ एकच आहे. नाभीय अंतराला चाराने भागले की प्रकाश आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास मिळतो. ६०० ला चाराने भागले की १५० मिलिमीटर. एवढ्या रुंदीचे निर्दोष घासलेले काचेचे भिंग, त्यामागे फ्लोराइटची भिंगे, आणि हे सगळे केसाइतकेही न हलता धरून ठेवणारी मिश्रधातूची नळी यांचा हा भार आहे. तोंड लहान केले की भार उतरतो. निकॉनची २०२३ ची ६०० मिमी एफ/६.३ लेन्स दीड किलोच्या आत बसते, कारण तिचे तोंड ९५ मिमीचे आहे आणि आत फ्रेनेल पद्धतीचे भिंग आहे. पण तिच्यातून येणारा प्रकाश मोठ्या लेन्सच्या दोन-पंचमांश. पहाटे ताडोबाच्या बांबूत वाघ दिसला आणि एफ/४ वर ३२०० आयएसओ पुरत असेल, तर एफ/६.३ वर तेवढ्याच वेगाला ८००० लागतो आणि चित्रात दाणे दिसू लागतात. मोठ्या लेन्सची गरज खोटी नसते, हे आधी मान्य केले पाहिजे.

तरीही अशी लेन्स बाळगणाऱ्यापुढे एक दिवस प्रश्न येतो, ठेवावी की सोडावी? खांदा कुरकुरू लागतो. जंगलाच्या वाऱ्या कमी होतात. विमानात हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा असते, तिच्यात लेन्स आणि कॅमेरा बसवताना बाकी सगळे बाहेर काढावे लागते. मग लेन्स कपाटात राहते आणि माणूस हलक्या सामानानिशी बाहेर पडू लागतो. बाजाराच्या हिशेबात याचे उत्तर सोपे आहे, पण बहुतेकांचे अडते ते हिशेबापाशी नसते. वस्तूवर माणसाचा हक्क कुठवर चालतो आणि वस्तूचा माणसावर कुठून सुरू होतो, या प्रश्नाला भारतीय धर्मपरंपरांनी परिग्रहाच्या विचारात फार बारकाईने हात घातला आहे. त्या विचारातून या लेन्सकडे पाहिले तर निर्णयाला काही ठोस कसोट्या मिळतात.

जैन परंपरेत अपरिग्रह हे पाचवे महाव्रत आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोघांनाही मान्य असलेल्या उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूत मन गुंतून शुद्ध हरपणे, हाच परिग्रह असे तिथे ठरवले आहे. त्यामुळे झोपडीत काहीही नसलेला, पण दुसऱ्याच्या वाड्याकडे सतत डोळे लावून बसलेला माणूस परिग्रही ठरू शकतो. या व्याख्येने लेन्सच्या प्रश्नातली किमतीची भीती दूर होते. वस्तू महाग आहे एवढ्यावरून ती सोडलीच पाहिजे असे होत नाही, आणि स्वस्त आहे म्हणून ती निरुपद्रवीही होत नाही.

पतंजलीने आपल्या सूत्रात अपरिग्रह पाच यमांत शेवटी ठेवला. त्या सूत्रावरच्या व्यासभाष्यात विषयांचे पाच दोष दाखवले आहेत. ते मिळवण्यात दोष आहे, राखण्यात आहे, त्यांच्या क्षयात आहे, त्यांच्याशी जडणाऱ्या आसक्तीत आहे आणि त्यांच्यापायी होणाऱ्या हिंसेत आहे. कोणत्याही महाग अवजारावर ही यादी लावून पाहता येते. मोठ्या लेन्सवर ती विशेष नेमकी बसते.

मिळवण्याचा दोष बहुतेकांना ठाऊकच असतो. हप्ते, मोडलेली ठेव, पुढे ढकललेले घरातले काम यांवर वेगळे लिहायला नको. राखण्याचा दोष मात्र सहज दिसत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की बंद पेटीत ठेवलेल्या लेन्सच्या आत बुरशी धरते. विजेरीचा झोत तिरपा टाकला की भिंगाच्या कडेपासून आत सरकणारे पांढुरके तंतू दिसतात. वेळीच लक्ष गेले तर ते पुसता येतात. उशीर झाला तर बुरशी भिंगावरचा लेपच खाते आणि त्याचा डाग कायमचा राहतो. म्हणून ड्राय कॅबिनेट येते, त्यातली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवावी लागते. सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्या लागतात. विम्याचा हप्ता भरावा लागतो. प्रवासात लेन्सची बॅग डिकीत टाकता येत नाही, ती मांडीवर येते. जेवायला उतरल्यावर एकाने गाडीत थांबायचे असते. जंगलातल्या जिप्सीत बसणारे धक्के माणूस अंगावर घेतो, पण बीनबॅगवरच्या लेन्सला लागू देत नाही. यात गैर काही नाही, चांगल्या अवजाराची निगा राखणे हा कारागिराचा धर्मच आहे. पण लेन्स वर्षभर बाहेर निघत नसताना तिची निगा मात्र रोज चालू असेल, तर सेवा कोण कोणाची करतो आहे हे विचारावे लागते.

क्षय दोन्हीकडून येतो. २०१८ पासून कॅनन आणि निकॉन दोघेही मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले. जुन्या माउंटच्या लेन्स अडॅप्टर लावून उत्तम चालतात, पण बाजारातली त्यांची किंमत उतरत राहते. पुढे मोटरचे आणि स्थिरीकरणाचे सुटे भाग मिळेनासे होतात. आसक्तीचे म्हणाल, तर ती लेन्सपेक्षा नावाला अधिक चिकटते. प्रवेशद्वारावर वाटाडे ओळखतात, मोठी लेन्स पाहून जिप्सीवाला गाडी चांगल्या जागी लावतो, गटात शब्दाला वजन येते. लेन्स विकायची म्हटल्यावर जी हुरहुर वाटते, तिच्यातला काही भाग या ओळखीचा असतो. तो वेगळा काढून पाहिला नाही तर बाकीचा सगळा विचार त्याच्याच बाजूने झुकतो.

पाचवा दोष हिंसेचा. मोठी लेन्स इथे दोन्ही बाजूंनी बोलते, म्हणून हा भाग सगळ्यांत अवघड आहे. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने पक्षी चौकटीत जेवढा दिसतो तेवढाच ६०० ने दुप्पट अंतरावरून दिसतो. घुबड पंधरा मीटरवरून टिपायचे की तीस मीटरवरून, यावर ते ढोलीत शांत बसते की उडून जाते हे अवलंबून असते. लांब पल्ल्याची लेन्स म्हणजे जनावराला दिलेली मोकळी जागा, आणि या अर्थाने ती अहिंसेचे साधन होऊ शकते. पण तीच लेन्स हाती असलेला माणूस तीस मीटरवर थांबेल याची खात्री नाही. चौकट भरून आली की त्याला डोळा हवा असतो, डोळा मिळाला की डोळ्यातले प्रतिबिंब. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी चरत असताना त्यांची उडती छायाचित्रे हवीत म्हणून नाव थेट थव्यावर घालायला सांगितली, तर लांब लेन्सने दिलेले अंतर त्याच हाताने काढून घेतले जाते. घरट्यावरच्या छायाचित्रांबाबत हेच होते. निसर्ग-छायाचित्रांच्या अनेक स्पर्धा अशी छायाचित्रे स्वीकारत नाहीत, कारण वाट पाहणाऱ्या माणसांमुळे आईबाप घरट्यावर यायचे थांबतात आणि पिले उन्हात किंवा शिकाऱ्यांच्या तोंडी पडतात.

अंतर राखणारी वस्तू आणि मालकीची वस्तू यांतला फरक जैन आचाराने फार पूर्वी ओळखला होता. दिगंबर मुनी वस्त्रसुद्धा बाळगत नाही. तरी त्याच्याजवळ तीन गोष्टी असतात. मोरपिसांची पिच्छी, पाण्याचा कमंडलू आणि शास्त्र. यांना उपकरणे म्हणतात. पिच्छी संयमाची, कमंडलू शुचितेचा आणि शास्त्र ज्ञानाचे. बसण्यापूर्वी मुनी पिच्छीने जागा हलकेच झाडतो, म्हणजे मुंगी किंवा किडा अंगाखाली चिरडला जात नाही. हा कुंचा मोराने आपोआप टाकलेल्या पिसांचा असतो, आणि तो नसता तर अहिंसेचे व्रत पाळता आले नसते. श्वेतांबर साधू याच न्यायाने रजोहरण, पात्रे आणि वस्त्रे उपकरणांत मोजतात. दिगंबर वस्त्राला परिग्रह मानतात. दोन संप्रदायांतला हा वाद शतकानुशतके चालला, आणि त्याचा गाभा हाच आहे की कोणती वस्तू व्रताला पोसते आणि कोणती व्रताच्या नावावर स्वतःच पोसली जाते. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मात्र मान्य होती. उपकरणसुद्धा मन गुंतले की परिग्रह होते. पिच्छी सुंदर दिसते म्हणून जपणारा मुनी तिच्यातून सुटलेला नसतो.

लेन्सला हीच कसोटी लावता येते. ती हाती असल्यामुळे माणूस जनावरापासून लांब थांबतो का? अधूनमधून तरी ट्रायपॉड एका जागी रोवून, पाय न हलवता, जे येईल ते पाहत बसतो का? जड लेन्सचा हा एक खरा गुण आहे. ती उचलून पळता येत नाही, म्हणून पाणवठ्याजवळ दोन-दोन तास बसावे लागते आणि त्या बसण्यात जंगल पुन्हा हालचाल करू लागते. ज्याच्या हातात लेन्स असे काम करते, त्याच्याजवळची ती उपकरण आहे. त्याने ती वजनामुळे किंवा किमतीमुळे सोडण्याचे धार्मिक कारण दिसत नाही.

पण या कसोटीला एक मोठी फट आहे. मनाची स्थिती हाच परिग्रह म्हटल्यावर आपले मन गुंतलेले नाही असे प्रत्येकाला म्हणता येते, आणि ते तपासणारा तो स्वतःच असतो. महाभारताच्या शांतिपर्वात सुलभा नावाची संन्यासिनी आणि मिथिलेचा राजा जनक यांचा संवाद आहे. छत्र, सिंहासन, खजिना असूनही आपण मुक्त आहोत, असा जनकाचा दावा. सुलभा तो दावा मानत नाही. तिचा युक्तिवाद मोजमापाचा आहे. राज्य कितीही मोठे असले तरी राजा एका नगरात राहतो, नगरातल्या एका वाड्यात, वाड्यातल्या एका खोलीत, आणि रात्री एका पलंगावर झोपतो, त्यातलाही अर्धा भाग राणीचा असतो. उरलेल्या सगळ्यावरचा त्याचा हक्क वापराचा नसतो, तो केवळ आपला म्हणण्याचा असतो. संवादाच्या शेवटी जनकाला उत्तर सुचत नाही. गृहस्थाश्रमात राहून विरक्त असल्याचे सांगणाऱ्या प्रत्येकाने हा संवाद वाचावा, इतका तो नेमका आहे. कपाटातल्या लेन्सवर आपला जीव नाही असे म्हणणाऱ्याला सुलभा एवढेच विचारील, की मग ती तिथे कशाला आहे?

म्हणूनच परंपरांनी मनाच्या कसोटीवर विसंबून न राहता तिला बाहेरची मापे जोडली, आणि व्यवहारात उपयोगी पडतात ती हीच. जैन श्रावकाला मुनीसारखे सर्वस्व सोडायचे नसते. त्याचे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे असते. शेत, घर, सोने, धान्य, भांडी-कपडे यांची मर्यादा तो आधीच ठरवतो आणि पुढे मिळकत वाढली तरी ती मर्यादा ओलांडत नाही. मर्यादा किती, हे शास्त्र सांगत नाही, ती ज्याची त्याने घ्यायची. पण ती हाव सुटण्याआधी घ्यायची, हे महत्त्वाचे. लेन्स विकत घेतानाच, किंवा निदान दुखणे सुरू होण्याआधी, कोणत्या अवस्थेत ती आपल्याकडे राहणार नाही हे ठरवून ठेवलेला माणूस पुढे स्वतःशी तडजोड करत बसत नाही. दोन हंगाम उलटूनही ती जंगलात गेली नाही तर ती दुसऱ्याच्या हाती जाईल, असे माप कोणीही घेऊ शकतो.

बौद्ध विनयातली मापे याहून काटेकोर आहेत. भिक्षूला एक पात्र पुरते. दुसरे मिळाले तर ते किती दिवस ठेवावे? नियम सांगतो, जास्तीत जास्त दहा दिवस. या दहा दिवसांमागची कथा विनयपिटकात दिली आहे. बुद्धाचा शिष्य आनंद याला एक जादा पात्र मिळाले आणि ते सारिपुत्त या दुसऱ्या शिष्याला द्यावे असे त्याच्या मनात आले, पण सारिपुत्त तेव्हा साकेतला होता आणि परत यायला नऊ-दहा दिवस लागणार होते. बुद्धाने मर्यादा तेवढी वाढवून दिली. नियमाचा कणखरपणा आणि त्यातली माया एकाच ठिकाणी दिसावी अशा जागा थोड्या असतात. जादा वस्तू ठेवण्याला मुभा आहे, पण ती कोणाला तरी देण्यासाठी आणि तो येईपर्यंत. ज्याच्या कपाटातली लेन्स एखाद्या होतकरू मुलासाठी राखून ठेवली आहे असे सांगितले जाते, त्याने त्या मुलाचे नाव आणि द्यायचा दिवसही सांगावा, एवढेच या नियमाचे मागणे आहे.

पुढचा नियम आजच्या बाजाराला अधिक लागू पडतो. जुने पात्र टाकून नवे मागायचे असेल तर जुन्याला निदान पाच सांधे पडलेले असले पाहिजेत. त्याआधी नवे घेतले तर ते संघापुढे ठेवावे लागते. ज्येष्ठांपासून कनिष्ठांपर्यंत सगळे आपापले पात्र बदलून घेतात आणि शेवटी उरलेले पात्र त्या भिक्षूला मिळते. ते फुटेपर्यंत त्याने तेच वापरायचे. जड लेन्स विकून हलकी घेण्याचा बेत अनेकदा संयमाच्या भाषेत मांडला जातो. सुटसुटीत व्हायचे आहे, कमी सामानात भागवायचे आहे. हे खरे असू शकते. पण जुनी लेन्स धडधाकट असताना आणि शरीरही तिचा भार पेलत असताना नवी हवीशी वाटत असेल, तर पाच सांध्यांचा नियम आठवावा. तमिळनाडूतले निसर्गलेखक आणि छायाचित्रकार मा. कृष्णन यांनी वेगवेगळे सुटे भाग जोडून स्वतःचा अवजड कॅमेरा बनवला होता. त्याला त्यांनी ‘सुपर पाँडरोसा’ असे नाव दिले होते. भारतातल्या हत्तींची आणि इतर सस्तन प्राण्यांची त्यांची कृष्णधवल छायाचित्रे अशाच जोडलेल्या सामग्रीतून आली. अवजार सांधून, समजून आणि अंगवळणी पाडून वापरणे हीसुद्धा अपरिग्रहाची एक रीत आहे, आणि ती विकून टाकण्यापेक्षा कमी मोलाची नाही.

आता वजनाचा प्रश्न. काही जण भार वाहण्यालाच तपश्चर्या मानतात. चार किलो खांद्यावर घेऊन चालल्याशिवाय चांगले चित्र मिळत नाही, असा समज जुन्या छायाचित्रकारांत आढळतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि मूढ हट्टाने स्वतःच्या शरीराला पीडा देऊन केलेले तप तिथे तामस ठरवले आहे. खांद्याचा सांधा झिजला आहे, वैद्य ओझे उचलू नका म्हणतात, आणि तरीही केवळ एवढे पैसे घातले म्हणून लेन्स उचलली जाते, तेव्हा ती साधना राहत नाही. घातलेले पैसे परत येत नाहीत. ते लेन्स ठेवली तरी गेलेले असतात आणि विकली तरी. त्यांची भरपाई शरीराकडून करून घेण्याचा प्रयत्न म्हणजे एका नुकसानीवर दुसरे नुकसान. उलट, शरीर साथ देत असेल आणि भाराने चालणे मंद व सावध होत असेल, तर तो भार हसत वाहावा. वयानुसार याचे उत्तर बदलणार, आणि आश्रमव्यवस्थेने वानप्रस्थासाठी जी जागा ठेवली ती अशाच बदलाची होती.

आतापर्यंतचा विचार बाळगणाऱ्याच्या बाजूने झाला. वस्तू पडून राहिली तर नुकसान दुसऱ्याचेही होते, हा मुद्दा गांधीजींनी जोरकसपणे मांडला. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना दर आठवड्याला एकेका व्रतावर पत्रे लिहिली. ती पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने पुस्तकरूपात आली. त्यांत अस्तेय आणि अपरिग्रह ही व्रते त्यांनी एकमेकांना जोडून घेतली. आपल्याला ज्याची गरज नाही ती वस्तू, रीतसर मिळवलेली असली तरी, ठेवून घेणे ही चोरीच, कारण ती ज्याला हवी आहे त्याच्यापासून अडवलेली असते. वापरात नसलेल्या मोठ्या लेन्सबाबत हे अक्षरशः खरे आहे. अशा लेन्स थोड्या असतात, आणि त्या मिळाल्या तर काय करून दाखवू असे म्हणणारे तरुण छायाचित्रकार पुष्कळ असतात. ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्राला गांधीजींनी जे महत्त्व दिले आणि त्यातून विश्वस्तपणाचा जो विचार पुढे नेला, त्यानुसार लेन्सचा मालक तिचा राखणदार ठरतो. ती कोणाच्या हाती सर्वांत उपयोगी पडेल हे पाहण्याचे काम त्याच्यावर येते.

मात्र गांधीजींच्याच आयुष्यातला एक प्रसंग या तत्त्वाची कठीण बाजू दाखवतो. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून निघताना त्यांना सोन्याच्या आणि हिऱ्यांच्या भेटी मिळाल्या. त्यांत एक हार खास कस्तुरबांसाठी होता. गांधीजींनी सगळ्याचा ट्रस्ट करायचे रात्रभर जागून ठरवले. कस्तुरबा तयार नव्हत्या. सुना येतील, उद्या काय होईल कोण जाणे, आणि ती सेवा तुमच्या एकट्याची कशी, माझ्या कष्टांचे काय, असे त्यांचे म्हणणे होते. आत्मकथेत गांधीजींनी हे सगळे लिहिले आहे आणि अखेर त्यांचेच म्हणणे टिकले. पण कस्तुरबांचा प्रश्न आजही तसाच उभा आहे. दहा लाखांची लेन्स घरखर्चाला कात्री लावून घेतलेली असेल, तर ती उदारपणे देऊन टाकण्याचा अधिकार एकट्याचा नाही. तुकोबांच्या चरित्रपरंपरेत याचा उलगडा सापडतो. वडिलोपार्जित सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, पण सगळी नाही. अर्धी आपल्या वाट्याची बुडवली, आणि अर्धी धाकटा भाऊ कान्होबा याच्या हाती दिली. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग त्यांनी केला नाही.

दुसरा आक्षेप बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारातून येतो. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याविषयीच्या ग्रंथात त्यांनी गांधीवादातल्या यंत्रविरोधावर कडक टीका केली. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. साधेपणाचा उपदेश ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांच्या गळी उतरवणे हा अन्याय आहे. ही दृष्टी लेन्सच्या प्रश्नात फार मोलाची आहे. ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या चांगले अवजार आले नाही, त्याने स्वतःच्या कमाईतून उत्तम लेन्स घेतली, तर त्याला वैराग्य शिकवणे शोभत नाही. स्वतः आंबेडकरांनी दादरला राजगृह बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा मिळावी म्हणून. त्या हजारो पुस्तकांना परिग्रह म्हणायला कोणी धजावणार नाही, कारण त्या संग्रहातून लिहिले गेले, वाद घातले गेले, कायदे घडले. अपरिग्रहाचा नियम सर्वांना एकाच मापाने लावता येत नाही. ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्यापासून तो सुरू होतो.

लेन्स सोडायची ठरली तर कशी सोडावी, हाही प्रश्न लहान नाही. मज्झिमनिकायातल्या अलगद्दूपम सुत्तात बुद्धाने तराफ्याचा दृष्टांत दिला आहे. पुरातून पैलतीराला नेणारा तराफा उपकारी असतो, पण पलीकडे गेल्यावर तो डोक्यावर घेऊन चालत राहणे शहाणपणाचे नाही. तो किनाऱ्याला लावून ठेवावा किंवा पाण्यात सोडावा. किनाऱ्याला लावून ठेवण्यात एक सूचना आहे. पुढच्या प्रवाशाला तो सापडू शकतो. विकणे हा यातला प्रामाणिक आणि स्वच्छ मार्ग आहे. घेणारा पैसे देतो म्हणून त्याचा आदरही राखला जातो. मात्र बुरशी, आपटलेली कडा, बदललेली मोटर यांची माहिती घेणाऱ्याला आधीच द्यावी, कारण अपरिग्रहाच्या वाटेवर सत्याचे व्रत मोडून चालत नाही. मित्रांनी किंवा एखाद्या निसर्गमंडळाने मिळून एक लेन्स ठेवणे हा दुसरा मार्ग. त्यात लेन्स वर्षभर बाहेर राहते आणि राखण्याचा भार वाटला जातो. भाड्याने देण्यात गैर नाही, पण तेव्हा ती मिळकतीचे साधन होते आणि वर सांगितलेले परिमाण तिलाही लागू होते.

देण्याची सर्वांत सुंदर रीत दिगंबर परंपरेतच आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन गावांत चातुर्मास संपला की पिच्छी-परिवर्तनाचा सोहळा होतो. मुनीला नवी पिच्छी दिली जाते, आणि जुनी पिच्छी अशा श्रावकाला मिळते जो संयमाचे काही नियम घेतो. ती विकली जात नाही आणि आठवण म्हणून पेटीतही पडत नाही. जुन्या लेन्सचा हात बदलताना असा एखादा नियम सोबत जाऊ शकतो. घरट्यावर ती रोखली जाणार नाही, पक्षी उडवण्यासाठी नाव थव्यावर नेली जाणार नाही, आणि ज्या दिवशी नव्या मालकाच्या कपाटात ती पडून राहू लागेल त्या दिवशी ती पुढे जाईल. तरुण छायाचित्रकाराला लेन्ससोबत हे मिळाले तर तिची किंमत त्याच्यासाठी वाढते.

एवढे झाल्यावर एक भाग उरतो. जैन ग्रंथ परिग्रहाचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन भाग करतात. बाहेरचे दहा, आतले चौदा. लेन्स बाहेरच्या दहांत येते. क्रोध, मान, माया, लोभ, आवडनिवड, भय हे आतल्या चौदांत. कुंदकुंदाचार्यांच्या मते बाहेरचा त्याग आतल्याच्या शुद्धीसाठी असतो, आणि आतले तसेच राहिले तर बाहेरचा फुकट जातो. लेन्स गेल्यावरही हार्ड डिस्कवर वाघांच्या हजारो चौकटी असतात, त्यांवर मिळालेल्या कौतुकाची ओढ असते, आणि आपण मोठी लेन्स देऊन टाकली ही नवी ओळखही असते. तिच्यापासूनही मान पोसला जातो. म्हणून ज्याने लेन्स दिली त्याने ती कोणाला दिली हे सांगत फिरू नये, आणि ज्याने विचारपूर्वक ठेवली त्याने ठेवल्याबद्दल सफाई देत बसू नये. त्याने ती घेऊन पहाटे जंगलात जावे आणि जनावरापासून लांब थांबावे.